वेरोनाच्या दारातला खांब

३ नोव्हेंबर, गुरुवार

मी वृद्धाश्रमात कामाला आहे, तिथली नर्स म्हणते, "वेरोना, माणसांवर ओरडणं बंद कर, नाहीतर एक दिवस डोक्यातली नस फुटेल. जे ओरडायचंय ते लिहून काढ." औषधाच्या दुकानात फुकट मिळालेली डायरी वर्षभर कोरी पडली होती, तीत लिहितेय. मी आठवी शिकलेली बाई. दुसऱ्या कोणी हे वाचलं तर त्याचे डोळे फुटोत.

पहिलं ओरडणं नवऱ्यावर. अल्बिन नगराध्यक्षपदाला उभा राहिलाय. अध्यक्ष कशाचा, तर दोन टेकड्या, एक ओढा, एक चर्च, तीन गुत्ते आणि उरलेल्या जागेत द्राक्षं, याचा. वीस लाखांचा देश, त्यात दोनशे बारा पालिका. तरी आमच्या लोकांना शेजारच्यांच्या पालिकेत राहणं कमीपणाचं वाटलं, म्हणून वेगळी काढली. आता स्वतःचा झेंडा आहे, स्वतःचं गीत आहे, चिन्हावर करकोचा आहे. गटार अजून उघडंच आहे.

बसथांब्यावर अल्बिनचा फोटो चिकटवलाय. केस पाणी लावून चप्पट बसवलेले, दात काढलेले. सत्तावीस वर्षांच्या संसारात माझ्यासमोर इतके दात काढले नाहीत त्याने. शेजारी बोगोमिरचा फोटो. तो द्राक्षमळेवाला, दारूवाला, रानवाला. उभे राहिलेत ते दोघेच. परवा मृतांच्या दिवशी दोघेही दफनभूमीत कबरींच्या मधून हात मिळवत फिरत होते. मेणबत्त्यांचा धूर, शेवंतीचा वास आणि मतांची भीक.

मी ठरवलंय. हा निवडून आला तर मी मूरा नदी ओलांडून माझ्या बहिणीकडे, गिझेलाकडे. कायमची. लग्न होऊन इथे आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, गाव अजून मला 'नदीपलीकडची' म्हणतं. माझ्या बोलण्याची नक्कल करतात. आता त्याच बाईने प्रत्येक समारंभात हातात गुच्छ धरून यांच्यासमोर हसायचं? शी. बॅग भरून कपाटावर ठेवलीय. हिवाळी कपडे, आईचा फोटो, रेनकोट.

५ नोव्हेंबर, शनिवार

दोरीवरून माझा निळा ॲप्रन गेला. आणि ठिपक्यांचा डोक्याला बांधायचा रुमाल. वारा नव्हता. म्हणजे चोरी.

कुंपणापलीकडे टिल्का कोबी कापत होती. विचारलं, "माझा ॲप्रन पाहिलास का?"

"मी? नाही गं. मी कुठे पाहणार?" आणि चेहरा असा लाल, जणू ओव्हनमध्ये डोकं घालून आलीय.

"तुझ्या अंगाला तो बसणार नाही, एवढं सांगून ठेवते. तुझं पोट आड येईल."

तर ती हसली! चोर ती चोर आणि वर हसते. शेजारीण म्हणून सत्तावीस वर्षं हिचा कोबीचा वास सहन केला.

अल्बिनला सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे ना, जुना तर होता." मतं जातील म्हणून शेजारणीला बोलायचं नाही. बायकोचा ॲप्रन गेला तरी चालेल.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज बोगोमिर वृद्धाश्रमात आला. त्याची आई, म्हातारी तेरेझिया, उन्हाळ्यातच गेली. आता याचं इथे काय काम? बिस्किटांचा डबा घेऊन सगळ्या म्हाताऱ्यांना वाटत फिरला. ज्यांना आपलं नाव आठवत नाही त्यांचीही मतं हवीत याला. मी फरशी पुसत होते. त्याच्या बुटांचा चिखल माझ्या ओल्या फरशीवर.

"वेरोना, एकोणीस तारखेच्या शनिवारी तुला सुट्टी आहे ना?"

"तुला काय करायचंय? पाय उचल."

"सहज विचारलं." पाय उचलून उभा राहिला, करकोच्यासारखा. "आईला तू जे…"

"तुझी आई माझ्यावर सूप थुंकायची. रोज. दुसरा पाय."

खोटं नाही सांगितलं. थुंकायचीच. मी पुन्हा भरवायचे, ती पुन्हा थुंकायची, मग तिसऱ्यांदा थोडं गिळायची. बाकीच्या बायका दोनदा करून सोडून द्यायच्या. मला अर्धवट काम बघवत नाही, एवढंच. शेवटचे दोन रविवार मी सुट्टी असून गेले, कारण घरी अल्बिनची भाषणाची तालीम चालायची. म्हातारी बरी त्याच्यापेक्षा. निदान गप्प असायची.

माझ्या सुट्टीची चौकशी करून नवऱ्याची बातमी काढायची असणार. हे राजकारण.

११ नोव्हेंबर, शुक्रवार, संत मार्टिनचा दिवस

आज द्राक्षरसाची वाईन होते म्हणतात. माणसांची डुकरं होतात.

अग्निशमन दलाच्या घरात गावजेवण होतं. आमच्याकडे आग क्वचित लागते, पण बंबवाल्यांचं घर चर्चपेक्षा मोठं. सगळे फुकटचे स्वयंसेवक, चकचकीत बटणांच्या गणवेशातले. लग्न, मयत, गावजेवण, सगळं तेच करतात. भाजलेला हंस, लाल कोबी, चरबीत भिजलेल्या रोट्या. बोटं चाटायची आणि त्याच बोटांनी एकमेकांचे हात दाबायचे. अल्बिनने निदान शंभर तरी तेलकट हात दाबले असतील. बोगोमिरनेही. शेवटी दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गाणं म्हणत होते. प्रतिस्पर्धी म्हणे! मळ्यातला पाखरं हाकलायचा लाकडी खुळखुळा बरा, वारा पडला की थांबतो.

मी स्वयंपाकघरात गेले, तर आतल्या बायका एकदम गप्प. आठ जणी, आठ तोंडं बंद. कोणाच्या नावाने बोलत होत्या ते कळायला शाळा शिकावी लागत नाही.

टिल्का म्हणाली, "वेरोना, तुमच्याकडच्या त्या गिबानित्सा केकला खसखशीचा थर खाली देतात की वर?"

"खाली. सत्तावीस वर्षांत विचारलं नाहीस, आज का?"

"सहज."

या गावात सगळं सहज चाललंय.

घरी येताना पोस्टमन योझेच्या दारातला अब्राहम दिसला. गेल्या वर्षी त्याला पन्नास झाली तेव्हा बसवलेला. इथल्या लोकांची ही एक खोड. माणूस पन्नाशीला पोचला की शेजारीपाजारी रातोरात त्याच्या दारात पेंढ्याचं बुजगावणं बसवतात. बाप्याला अब्राहम, बाईला सारा. शिवाय म्लाय उभारतात, म्हणजे सोललेल्या झाडाचा उंच खांब, टोकाला हिरवा शेंडा, मध्ये हार, झेंडा. नवीन नगराध्यक्ष झाला तरी त्याच्या दारात तोच खांब, तसाच. मग घरवाल्याने सगळ्या गावाला खाऊ घालायचं. योझेचं बुजगावणं आता कुजलंय, आत उंदीर झालेत. घाण.

एकोणीसला मलाही पन्नास होतील. कोणाला माहीत नाही. या घरात वाढदिवस नसतो, सासूच्या वेळेपासून फक्त नावाच्या संताचा दिवस. अल्बिनला तर तारीख कधीच आठवली नाही. बरंच आहे. उंदरांचं पोतं दारात नको मला.

१३ नोव्हेंबर, रविवार

प्रार्थना झाल्यावर अल्बिन म्हणाला, "द्रागोबरोबर जरा जाऊन येतो." द्रागो म्हणजे बंबवाल्यांचा प्रमुख, हा लांब मिशीवाला. गेले कुठे, तर बोगोमिरच्या रानात. टिल्काच्या नवऱ्याने ट्रॅक्टर काढला, तोही त्यांच्यात. संध्याकाळी परत आले. अल्बिनच्या बाह्या डिंकाने चिकट. तो डिंक धुतला तरी जात नाही, लोणी चोळावं लागतं.

"प्रतिस्पर्ध्याच्या रानात काय करत होतास?"

"लाकूडफाटा."

"आपल्या कोठीत तीन हिवाळ्यांचं लाकूड आहे."

त्याने बूट काढायला खूप वेळ लावला. मला सगळं समजलं. दोघांचं ठरलेलं आहे. कोणीही निवडून येवो, रस्त्याचं कंत्राट एकाला, रानाचं दुसऱ्याला. आणि लोक वेडे, चिठ्ठ्या टाकणार. मी लोणी चोळत बसले. नवऱ्याच्या लबाडीला माझं लोणी.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

अल्बिनने आज जेवताना प्रचारबंदी समजावून सांगितली. चौथ्यांदा. शुक्रवारी मध्यरात्रीपासून रविवारी मतदान संपेपर्यंत प्रचाराचं अवाक्षर काढायचं नाही, नवा फोटो लावायचा नाही, काही उभारायचं नाही. कोणी तक्रार केली की निरीक्षक येतो, दंड होतो, पेपरात नाव येतं. मागच्या वेळी पलीकडच्या गावात एकाने त्या शनिवारी फुगे वाटले, तर आयुष्यभर त्याला फुग्या म्हणतात.

"मला कशाला सांगतोस? मी कुठे फुगे वाटतेय?"

"तसं नाही गं. ऐक, तेल संपत आलंय. भोपळ्याच्या बियांचं. गिझेलाकडून आणतेस का? शुक्रवारी जा, राहा रात्रभर. शनिवारी दुपारी ये. दुपारीच."

सत्तावीस वर्षांत या माणसाने मला बहिणीकडे जा असं कधी म्हटलं नाही. कोठीत तेलाच्या दोन बाटल्या आहेत, मी मोजल्या नाहीत तरी दिसतात. मतदानाच्या आदल्या दिवशी घरात मोठी माणसं येणार असतील आणि नदीपलीकडची बायको समोर नको असेल. लाज वाटत असेल माझ्या बोलण्याची.

जाते. मोठी बॅग कपाटावरच ठेवली. ती पुढच्या आठवड्यात.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार, गिझेलाकडे

इकडची सपाट जमीन बघून डोळ्यांना बरं वाटतं. टेकड्या नाहीत, म्हणून माणसं एकमेकांना लांबून दिसतात.

गिझेलाला विचारलं, "मी इथेच येऊन राहिले तर?"

ती हसायला लागली. "तू? तिकडच्या लोकांना शिव्या घातल्याशिवाय तुला जेवण जाईल का?"

"मी गंमत करत नाहीये."

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "उद्या आधी घरी तर जा. मग बोलू. पण दुपारच्या बसने. सकाळची बस नको, गर्दी असते."

सकाळच्या बसला गर्दी? त्या बसमध्ये ड्रायव्हर आणि कोंबड्यांची एक पेटी असते. माझी सख्खी बहीण, तीही अल्बिनला सामील. फोन आला असणार. सगळ्यांनी मला दुपारपर्यंत लांब ठेवायचं ठरवलंय. मी सकाळचीच बस धरणार.

१९ नोव्हेंबर, शनिवार

हात दुखतोय, तरी लिहिते.

बसमधून उतरले तर माझ्या दारात म्लाय! चर्चच्या मनोऱ्याइतका उंच. सोललेलं खोड पांढरंधोप, वर हिरवा शेंडा, हार, रंगीत फिती. प्रचारबंदीच्या दिवशी! मतदान अजून व्हायचंय आणि ही गाढवं अध्यक्षाचा खांब उभा करून मोकळी! रात्री पिऊन केलेलं काम. त्यासाठीच मला घालवली होती.

अल्बिन घरात नव्हता. हाक मारली, उत्तर नाही. मला डोळ्यांसमोर निरीक्षक दिसायला लागला. पेपरात अल्बिनचा तो चप्पट केसांचा फोटो. आणि लोक त्याला जन्मभर खांब्या म्हणणार. हरायचं तर हरू दे त्याने, मला हवंच होतं. पण हसं होऊन नाही. तो मूर्ख आहे, लबाड नाही. आठवडाभर मी इथे उलटं लिहिलं, तरी नाही.

कोठीतून मोटारकरवत काढली. लाकूड मी स्वतःच कापते, कोणाची वाट बघत नाही. खाली पाचरी ठोकलेल्या होत्या, तारा गुंडाळलेल्या, म्हणून खांद्याच्या उंचीवर कापला. रस्त्याच्या बाजूला आधी खाच, मग मागून. असा पडला, की बसथांब्याचं छप्पर गेलं. अल्बिन आणि बोगोमिर, दोघांचे फोटो एका फटक्यात आडवे. रस्ता बंद.

टिल्का चपला न घालता धावत आली. "वेरोना! अगं, काय केलंस! अगं बाई, काय केलंस हे!"

"तुमच्या अध्यक्षाला वाचवलं. आभार मान."

"कसला अध्यक्ष? अगं, तुझा होता तो!"

मला कळेना. ती रडत होती आणि हसत होती, नाक वाहत होतं, पुसायला रुमाल नव्हता. मग भोंगा वाजला. रस्ता अडला की बंबवाले येतात. आले, पण फार लवकर, आणि सगळे चकचकीत गणवेशात. मागे बँडवाल्याचा अकॉर्डियन. ते दुपारसाठी तयार होऊनच बसले होते. गाडीच्या मागच्या बाकावर, द्रागो आणि माझा नवरा यांच्या मधे, एक बाई बसलेली. पेंढ्याची. अंगात माझा निळा ॲप्रन. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल. पायात रबरी बूट, हातात पोछा. आणि चेहऱ्यावर भुवया अशा काढलेल्या की जणू आत्ता कोणावर तरी खेकसणार.

करवत माझ्या हातात चालूच होती. अल्बिन उतरला, ती बंद केली.

"तुला पन्नास झाली," तो म्हणाला.

"तुला तारीख कुठे आठवते?"

"दर वर्षी आठवते. तू म्हणतेस वाढदिवस ही फालतू थेरं आहेत. म्हणून गप्प बसतो."

"बोलायचं मग!"

"बघ, ओरडलीस."

द्रागोने मिशी पुसली. "नियम असा आहे, वेरोना. दुसऱ्याचा म्लाय कोणी कापला, तर कापणाऱ्याने गावाला पाजायचं. आणि ज्याच्या दारात म्लाय, त्यानेही पाजायचं. म्हणजे तुझ्याकडे दोनदा."

तेव्हा एकजण हसला, मग सगळे. मला कोणाचंच तोंड बघवेना. बोगोमिर एकटा हसला नाही. पडलेल्या खोडावरून हात फिरवत होता.

"माझ्या रानातलं आहे," म्हणाला. "आईने सांगून ठेवलं होतं, गेल्या हिवाळ्यात. वेरोनाला पन्नास होतील तेव्हा हे सरळ झाड तिचं."

"तुझी आई माझ्यावर थुंकायची."

"आमच्यावर ताट फेकायची ती. तुझं नाव तेवढं लक्षात होतं तिच्या."

मी म्हटलं, "पाय पुसून आत या सगळ्यांनी. चिखल चालणार नाही."

आले. घर भरलं. टिल्काने तिची गिबानित्सा आणली. खसखशीचा थर खाली दिला होता पण साखर अंदाजाने टाकलेली, तोंड चिकटून जाईल इतकी. घाणेरडी झाली होती. मी तीन तुकडे खाल्ले. ती बघत होती म्हणून.

ॲप्रनबद्दल तिला काही बोलले नाही. पोटाबद्दल बोलले होते त्याबद्दलही नाही.

साराला त्यांनी उरलेल्या खुंटाला बांधलंय. खुंट तिच्याच उंचीचा.

२० नोव्हेंबर, रविवार

मतदान बंबवाल्यांच्याच घरात. सगळा गाव मला बघून करवतीचा आवाज काढत होता. घर्र, घर्र. म्हातारेसुद्धा. असली माणसं. मत कोणाला दिलं ते इथेही लिहिणार नाही.

अल्बिन हरला. फार नाही, पण हरला. घरी येऊन बूट काढले, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सुटलो." मग मोठा पाव कापून तेलात बुडवून खाल्ला. गेल्या दोन महिन्यांत एवढा जेवला नव्हता. केसही पूर्वीसारखे उभे राहिलेत. मेंगळट दिसतो, पण ओळखू येतो.

बोगोमिर अध्यक्ष झाला, म्हणजे त्याच्या दारात म्लाय हवा. नवं झाड कोण कापणार? माझ्या दारात पडलेलाच उचलून नेला. खालचा माझ्या खांद्याएवढा तुकडा कमी. त्याच्या रानातलं झाड त्याच्या अंगणात गेलं, बुंधा माझ्याकडे राहिला. बसथांब्याचं छप्पर पालिका करणार म्हणे. बघू. गटार तर केलं नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून पाऊस. बारीक, चिकट, थांबायचं नाव नाही.

नर्सने रक्तदाब मोजला. "कमी झालाय की! लिहिलंस वाटतं?" मी म्हटलं, "तुझं यंत्र बिघडलंय."

घरी आले तर सारा दारात भिजत होती. भुवयांचा काळा रंग गालांवर ओघळलेला, तोंड वाकडं झालेलं. नाक तर त्यांनी आधीच दुप्पट केलंय, माझं एवढं नाही. पेंढा फुगून बाहेर यायला लागलाय. दोन आठवड्यांत उंदीर होणार. गाव तिथून जाता-येता तिला "नमस्कार, वेरोना" म्हणतं. कोणी नदीपलीकडची म्हणत नाही, बुजगावण्याला काय कळतंय म्हणून असेल.

ॲप्रन माझा आहे. चांगलं कापड आहे, फुकट का कुजवायचा. तिच्या अंगावर काहीतरी टाकायला हवं होतं. रेनकोट कपाटावरच्या बॅगेत होता, अगदी तळाशी. तो काढायला सगळं बाहेर काढावं लागलं. हिवाळी कपडे, आईचा फोटो. आता थंडी पडलीच आहे, कपडे लागणारच, म्हणून कपाटात लावून टाकले. फोटो भिंतीवर होता तिथे.

रिकामी बॅग अल्बिनने कोठीत नेऊन ठेवली. काही विचारलं नाही. सहज.